फेरफाराविना हक्क

कचेरीतली कागदपत्रे क्लाउडवर गेल्यापासून एक विषय कोणालाच आपला वाटेनासा झाला आहे. शेअरपॉइंट, गुगल ड्राइव्ह, कॉन्फ्लुएन्स यांसारख्या सामायिक साइटवर कोणाला काय दिसावे आणि कोणाला काय बदलता यावे, हे ठरवण्याचा हा विषय. काम करणाऱ्यांना तो आयटी विभागाचा वाटतो. आयटी विभाग तो सुरक्षा पाहणाऱ्यांकडे ढकलतो. सुरक्षा पाहणारे ‘गरजेपुरताच ॲक्सेस द्या’ हे सूत्र सांगून मोकळे होतात. सूत्र खोटे नाही. पण त्याच्या अखंड जपामुळे परवानग्यांचा सगळा प्रश्न ‘किती द्यायचे’ एवढाच आहे आणि हात आखडता ठेवला की तो सुटतो, असा समज पक्का झाला आहे. हा समज उथळ आहे.

माझे प्रतिपादन असे: परवानगी ही मुळात एक नोंद आहे, आणि नोंद म्हणून ती आज अर्धवट लिहिली जाते. ‘सध्या ॲक्सेस कोणाकडे आहे’ हा एकच रकाना या साइट्स बऱ्यापैकी भरतात. तो कोणी दिला, कशासाठी दिला, कधी संपणार आणि त्याबद्दल जबाब कोणी द्यायचा, हे चार रकाने एक तर नसतातच किंवा भरलेले टिकत नाहीत. हे रकाने कोरे असताना ‘कमी द्या’ म्हणणाऱ्याला आपण कमी दिले आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक सातबाऱ्यावरून चटकन कळावा. उताऱ्यावर नाव लागते ते फेरफाराने, आणि त्या फेरफाराचा क्रमांक उताऱ्यावर राहतो. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा आणि मंजूर करणारा एक नसतो. या व्यवस्थेत काय काय चालते हे अनुभवलेले वाचक इथे हसतील, आणि हसावेच. पण भानगड झालीच तर ती कोणत्या फेरफारात झाली, हे वीस वर्षांनीही काढता येते. क्लाउडवरच्या साइटवर नावे आहेत, फेरफार नाहीत.

१. एका सूत्राचा इतिहास आणि त्यातून गळलेले

एका यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी काम करायचे, ही कल्पना एमआयटीमध्ये १९६१ साली सीटीएसएस या व्यवस्थेने करून दाखवली. सामायिक जागेचे दुखणेही तिच्यासोबतच आले. त्या दशकाच्या मध्याला एके दिवशी तिथे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइलींवर काम करत होते. एकीत त्या दिवसाची सूचना होती, दुसरीत पासवर्ड. एडिटर आपली तात्पुरती फाइल नेहमी एकाच नावाने बनवत असे, कारण त्या जागेत एका वेळी एकच माणूस काम करेल हे त्याच्या रचनेत गृहीत होते. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली. कोणी कोणाला चुकीची परवानगी दिलेली नव्हती. परिस्थिती बदलली, गृहीतक मात्र जुनेच राहिले आणि ते कुठे लिहिलेले नव्हते.

त्यानंतरच्या मल्टिक्स या व्यवस्थेत प्रत्येक फाइलला नावांची यादी जोडली गेली: कोणी वाचायचे, कोणी लिहायचे. आजची शेअरपॉइंटची यादी त्याच वंशातली आहे. मल्टिक्सवर काम केलेल्या जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर जो लेख लिहिला, त्यात आठ तत्त्वे आहेत. ‘गरजेपुरताच अधिकार’ हे त्यांतले एक. आणखी तीन आपल्या कामाची आहेत. मूळ स्थिती बंद असावी, आणि उघडायचे तर तसा निर्णय घ्यावा लागावा. मोठ्या गोष्टीला एकाहून अधिक संमती लागाव्यात. आणि व्यवस्था अशी असावी की माणसे ती सवयीने, डोके न शिणवता, बरोबरच वापरतील. प्रशिक्षणांच्या स्लाइडवर आज पहिले तेवढे उरले आहे. उरलेल्या तिन्हींत संस्थेच्या कारभाराला हात घालावा लागतो, म्हणून ती सोयीस्करपणे गळली असावीत.

ती गळल्याचा परिणाम मूळ सेटिंगमध्येच दिसतो. शेअरपॉइंटवर टीम साइट उघडली की ओनर्स, मेंबर्स आणि व्हिजिटर्स असे तीन गट आपोआप बनतात. मेंबर्सना मिळते ती ‘एडिट’ ही पातळी. नावावरून वाटते त्याहून ती बरीच मोठी आहे: मेंबर फाइल तर बदलू शकतोच, अख्खी डॉक्युमेंट लायब्ररीही डिलीट करू शकतो. (ती ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, हे नशीब.) बहुतेकांच्या रोजच्या कामाला त्याखालची ‘काँट्रिब्यूट’ पातळी पुरते, पण ती आपण होऊन निवडावी लागते. शिवाय मूळ सेटिंगनुसार मेंबरला फाइली इतरांना शेअरही करता येतात. गुगल ड्राइव्हवर मालकाने ती खूण काढलेली नसेल तर एडिटर तिसऱ्याला ॲक्सेस देऊ शकतो. म्हणजे साइटवर पहिला माणूस येण्याआधीच सूत्र मोडलेले असते, आणि ते मोडायचे असे संस्थेत कोणी ठरवलेलेही नसते.

२. बारकाई वाढते तसा अंधार वाढतो

यावर सूत्रवाद्यांचा उपाय ठरलेला: परवानग्या अधिक बारीक करा. साइटऐवजी फोल्डरवर द्या, फोल्डरऐवजी फाइलवर द्या. ऐकायला शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात याच वाटेने गोंधळ माजतो.

शेअरपॉइंटमध्ये परवानगी वरून खाली वारशाने येते: साइटवरून लायब्ररीत, तिथून फोल्डरमध्ये, तिथून फाइलवर. एखाद्या फाइलला वेगळी परवानगी दिली की तो वारसा तिथे तुटतो आणि त्या फाइलची स्वतंत्र यादी सुरू होते. यासाठी ॲडमिन लागत नाही. मेंबर ‘शेअर’ दाबून एखाद्याला लिंक पाठवतो, तेव्हा पडद्याआड हेच घडते. पुढे त्या माणसाला साइटच्या गटातून काढले, तरी थेट लिंकने मिळालेला त्याचा ॲक्सेस तसाच राहतो. एका लायब्ररीत अशा स्वतंत्र परवानग्या जास्तीत जास्त ५०,००० असू शकतात, आणि त्या ५,००० च्या आत ठेवाव्यात अशी खुद्द मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. यातली लहान संख्यासुद्धा कोणत्या विभागप्रमुखाने बसून वाचावी? प्रत्येक परवानगी देताना कारण असेल, बहुधा चांगलेच असेल. पण ५,००० चांगली कारणे एकत्र आली की ‘ही फाइल कोण पाहू शकतो’ या साध्या प्रश्नाला तोंडी उत्तर राहत नाही.

या अडचणीची एक गणिती बाजू आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. मायकेल हॅरिसन, वॉल्टर रुझो आणि जेफ्री उलमन यांनी १९७६ साली सिद्ध केले की अधिकार देण्याघेण्याचे नियम पुरेसे मोकळे असतील, तर ‘अमुक अधिकार अमक्याच्या हाती कधी पडू शकेल का’ याचे प्रत्येक वेळी खात्रीने उत्तर देणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. यंत्र कितीही वेगवान असले तरी नाही. सिद्धान्त शेअरपॉइंटविषयी नाही, आणि तो तसा वापरला तर ओढाताण होईल. नियम आवळले तर उत्तर काढता येते, हेही त्याच तिघांनी दाखवले. मला त्यातून घ्यायचे ते इतकेच की उत्तर मिळण्याची शक्यता रचनेच्या साधेपणातून येते. परवानगी जितकी बारीक चिराल तितकी ती नेमकी होते, पण सगळ्या परवानग्या मिळून वाचता येत नाहीत. जी यादी वाचता येत नाही ती कमी आहे की जास्त, हे ठरवणार कसे?

३. तक्रार एकाच बाजूने येते

माझ्या मते सगळ्याचे मूळ इथे आहे. ॲक्सेस कमी पडला तर माणूस तासाभरात बोंब मारतो. त्याचे काम अडलेले असते, साहेबाचा फोन येतो, तिकीट निघते, संध्याकाळपर्यंत ॲक्सेस मिळतो. ॲक्सेस जास्त राहिला तर सगळीकडे शांतता. ‘मला या फोल्डरची आता गरज नाही, माझे नाव काढा’ असा मेल क्वचितच कोणी लिहितो. ज्याच्याकडे तो जास्तीचा आहे त्याला अडचण नसते, ज्याने दिला तो विसरलेला असतो, आणि ज्याची माहिती उघडी पडली आहे त्याला पत्ता नसतो. व्यवस्थेला एकाच बाजूने धक्के बसत असतील तर ती त्याच बाजूला सरकणार. यात कोणाचा आळस किंवा बेफिकिरी शोधण्याची गरज नाही. मेहनती, प्रामाणिक आयटी विभागातही हेच होईल.

लेखापरीक्षणासाठी सीएच्या कचेरीतून आलेल्या मुलाला जूनमध्ये हिशेबाच्या फोल्डरचा ॲक्सेस मिळतो. जुलैअखेर परीक्षण संपते. मुलगा सीए होतो, दुसऱ्या शहरात जातो, नाव यादीत राहते. हे झाले बाहेरच्याचे. संस्थेतल्या माणसाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, कारण तो जात नाही, सरकतो. खरेदी विभागातून हिशेब विभागात, तिथून प्रशासनात. प्रत्येक बदलीला नव्या जागेचा ॲक्सेस मिळतो, जुन्या जागेचा ‘असू दे, मध्येच काही विचारायला लागले तर’ म्हणून राहतो. दहा वर्षांनी पुरवठादाराचे नाव यादीत घालणे, त्याचे बिल नोंदवणे आणि ते मंजूर करणे ही तिन्ही कामे एकाच माणसाला करता येतात. असा अधिकार त्याला एकत्र द्यावा, असे कोणतेही संचालक मंडळ कधी ठरवणार नाही. तो साठत गेला. लबाडी करणाऱ्याला हे सोयीचे असते हे उघड आहे. पण प्रामाणिक माणसाच्या दृष्टीनेही हे वाईटच, कारण काही घडले तर संशयाची सुई पहिल्यांदा त्याच्याकडे वळेल, आणि हा अधिकार आपण मागितला नव्हता हे दाखवायला त्याच्याकडे कागद नसेल.

इथे कोणी म्हणेल की लॉग असतो ना, त्यात सगळे सापडते. असतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण योजनेत ऑडिट लॉग १८० दिवस राहतो, गुगल वर्कस्पेसमध्ये ड्राइव्हच्या घडामोडींचा लॉग सहा महिने. जास्त दिवस हवा असेल तर महागडी योजना किंवा वेगळी साठवण लागते. तीन वर्षांपूर्वी दिलेला ॲक्सेस आजही चालू आहे आणि तो दिल्याची नोंद केव्हाच पुसली गेली आहे, ही नेहमीची अवस्था. शिवाय लॉग सांगतो ते बटण कोणी दाबले एवढेच. का दाबले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आपल्याकडच्या कायद्याने याबाबत साइट्सना मागे टाकले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीचा वापर उद्देशाशी बांधला आहे. उद्देश संपला की, दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे भाग नसेल तर, माहिती पुसायची. वाजवी सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ज्या यादीत ‘कशासाठी’ हा रकानाच नाही, तिच्यावरून उद्देश संपला की नाही हे ठरवायचे काम आता संस्थांवर पडणार आहे.

४. देण्यापेक्षा काढणे अवघड, यंत्रालाही

गुगलच्या अभियंत्यांनी २०१९ साली ‘झांझिबार’ या आपल्या परवानगी-व्यवस्थेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ड्राइव्ह, कॅलेंडर, फोटोज, यूट्यूब या सगळ्यांच्या परवानग्या तीच तपासते. याद्यांची संख्या लाखो कोटींत, आणि दर सेकंदाला लाखो विचारणा. एवढ्या पसाऱ्यात त्यांना छळणाऱ्या अडचणीला त्यांनी ‘नवा शत्रू’ असे नाव दिले. एका माणसाला फोल्डरमधून काढले आणि लगेच त्यात नवी फाइल टाकली. जगभर पसरलेल्या यंत्रांपैकी एखाद्याकडे अजून जुनी यादी असेल, तर काढलेल्या माणसाला नवी फाइल दिसेल. परवानगी दिल्याची बातमी थोडी उशिरा पोहोचली तर कोणी क्षणभर खोळंबेल, एवढेच. काढल्याची बातमी उशिरा पोहोचली तर इजा होते. म्हणून या रचनेत प्रत्येक बदलाला क्रम आणि वेळ जोडण्यावर भर आहे. यंत्राच्या पातळीवर हा धडा गिरवला गेला. त्याच यंत्राच्या डोक्यावर बसलेल्या संस्था मात्र परवानगीवर तारीख टाकत नाहीत.

५. फाइल कोणाची?

परवानगी देण्याचा अधिकार मालकाचा. मग मालक कोण, हे आधी ठरायला हवे. गुगलच्या ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल बनवणाऱ्या व्यक्तीच्या खात्याची असते. ही गफलत ओळखून गुगलने २०१७ साली टीम ड्राइव्ह आणले, २०१९ पासून ते शेअर्ड ड्राइव्ह म्हणून ओळखले जाते. तिथल्या फाइली संस्थेच्या. माणूस गेला तरी त्या राहतात. माय ड्राइव्हवर विसंबलेल्या कंपनीत मात्र गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते घाईने पुसले की ते परत मिळवायला ॲडमिनकडे २० दिवस असतात. वनड्राइव्हची मूळ मुदत ३० दिवसांची. ‘गेल्या वर्षीचा तो तक्ता कुठे आहे’ हा प्रश्न सहसा त्यानंतर पडतो.

मोठ्या कंपन्यांकडे निदान ॲडमिन असतो. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्था, उत्सव मंडळे, वाचनालये, माजी विद्यार्थी संघ यांचा कारभार बहुधा सचिवांच्या किंवा खजिनदारांच्या फुकटच्या खाजगी जीमेलवर चालतो. सहकारी संस्थेच्या समितीची मुदत पाच वर्षांची. नवी समिती आली की दप्तर ताब्यात देण्याघेण्याची रीत आहे, त्यामागे कायदाही आहे. रजिस्टरे, पावतीपुस्तके, चेकबुके सह्या होऊन हस्तांतरित होतात. सभासदांची माहिती, सभांची इतिवृत्ते, दुरुस्तीची कोटेशने असलेला ड्राइव्हवरचा फोल्डर माजी सचिवांच्या खात्यातच राहतो. नव्यांना त्याची लिंक मिळते. माजी सचिव सज्जन गृहस्थ असतात. त्यांची १५ जीबीची फुकट जागा भरली की ते सज्जनपणेच जुने फोल्डर उडवतात.

६. आडोसा गेला

इतकी वर्षे या ढिसाळपणाला एका गोष्टीने सांभाळून घेतले होते: ज्याला ॲक्सेस होता त्याला तो आहे हे माहीतच नसे. शेअरपॉइंटवर टीम ‘पब्लिक’ ठेवली की तिच्या साइटवर ‘एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल यूजर्स’ हा गट, म्हणजे संस्थेतला एकूण एक कर्मचारी, मेंबर होतो. बनवणाऱ्याला पब्लिकचा अर्थ ‘कोणीही सामील व्हावे’ एवढाच वाटलेला असतो. पगारवाढीचा तक्ता अशा साइटवर वर्षानुवर्षे पडून राही, आणि पत्ता माहीत नसल्यामुळे कोणी तिकडे फिरकत नसे.

१ नोव्हेंबर २०२३ पासून मोठ्या ग्राहकांना मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट हा एआय साहाय्यक मिळू लागला. तो परवानग्या मोडत नाही. विचारणाऱ्याला जे पाहण्याचा अधिकार आहे तेवढ्यातूनच उत्तर देतो. धोका नेमका तोच. ‘आमच्या विभागात पगारवाढीचे काय ठरले’ असे विचारले की अधिकारात असलेले सगळे तो शोधून आणतो, मग ते कुठेही पडलेले असो. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टला शेअरपॉइंटचा शोध जास्तीत जास्त १०० निवडक साइट्सपुरता सीमित करण्याची सोय द्यावी लागली, आणि परवानग्या तपासून होईपर्यंतची ती तात्पुरती व्यवस्था आहे असेही सांगावे लागले. संस्थांच्या परवानगी-याद्या विश्वासार्ह नाहीत याची याहून स्पष्ट कबुली मिळणे कठीण. यंत्राने नवे काही उघड केले नाही. संस्थेने आपल्या सहीने जे उघडे ठेवले होते, ते त्याने वाचून दाखवले.

७. आक्षेप

‘आम्ही सगळे एकमेकांवर विश्वास ठेवतो.’ लहान संस्थांमधला हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून आधी घेतो. माझ्या म्हणण्यात अविश्वास कुठेच नाही. सगळ्यांना सगळे खुले ठेवायचे, असा निर्णय विचारपूर्वक घेता येतो आणि कित्येकदा तोच योग्य असतो. तेव्हाही तो कोणी घेतला आणि कोणापुरता घेतला हे लिहिलेले असावे. ‘आम्ही सगळे’ या शब्दांतली माणसे दरवर्षी बदलतात, लिंक बदलत नाही.

‘मग सगळे बंदच ठेवू.’ याची परीक्षा इतिहासात झाली आहे. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने जुलै २००४ च्या अहवालात ठपका ठेवला तो गुप्तचर संस्थांनी माहिती आपापल्या कप्प्यांत कोंडून ठेवल्याचा. ज्याला गरज त्यालाच सांगा, ही रीत सोडून वाटून घेण्याची रीत आणा, अशी आयोगाची शिफारस होती. कप्पे उघडले गेले. २०१० साली लष्करातल्या एका कनिष्ठ विश्लेषकाकडून अडीच लाखांच्या आसपास राजनैतिक तारा विकिलीक्सकडे गेल्या आणि परराष्ट्र खात्याने आपला संग्रह त्या सामायिक जाळ्यावरून काढून घेतला. लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला आणि परत आला. दोन्ही वेळा चर्चा ‘किती’ची होती. बगदादजवळच्या तळावरच्या विश्लेषकाला जगभरच्या वकिलातींच्या तारा कोणत्या कामासाठी लागतात, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणत्याच टोकाला ठरले नाही. आणि कचेरीत सगळे बंद केले तर काय होते, हे सांगायला आयोग नको: कागद व्हॉट्सॲपवर फिरू लागतात, आणि तिथे तर यादीही उरत नाही.

‘हे आयटीचे काम, त्यांनाच करू द्या.’ परवानगी देण्याची यंत्रणा त्यांनी चालवावी. निर्णय त्यांचा असू नये. पगाराचा तक्ता कोणी पाहावा हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळण्याचे कारण नाही. उलट सगळे अधिकार ज्याच्या हाती, तोच सर्वांत कमी तपासला जातो. एडवर्ड स्नोडेन यांचे २०१३ चे प्रकरण गुप्तहेरकथेसारखे सांगितले जाते, पण त्याचा गाभा आपल्या विषयातलाच आहे. हवाईमध्ये ते एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे कंत्राटी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर होते, आणि शेअरपॉइंटवर योग्य ती माहिती ठेवण्याची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. त्यानंतर एनएसएच्या प्रमुखांनी दोन माणसांच्या संमतीचा नियम आणि सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरांची संख्या नव्वद टक्क्यांनी कमी करण्याची योजना जाहीर केली. स्नोडेन यांना कोणी हुतात्मा म्हणो, कोणी द्रोही. साल्टझर-श्रोडर यांचे दोन संमतींचे तत्त्व छापले गेल्याला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती.

‘आता यंत्रच परवानग्या तपासेल.’ काही प्रमाणात तपासतेच. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडीमध्ये ठरावीक काळाने परवानग्यांचा फेरआढावा घेण्याची सोय आहे, आणि तीस दिवसांत लॉगिन न केलेल्याचे नाव काढावे अशी शिफारस ते यंत्र आपण होऊन करते. उपयुक्त आहे, पण त्यामागचा तर्क पाहा. वर्षातून एकदा येणारा लेखापरीक्षक या हिशेबात निरुपयोगी ठरतो, आणि ज्याला पाहायचे कारण नाही तरी रोज डोकावतो तो कामसू ठरतो. वापर मोजता येतो. गरज सांगावी लागते. शंभर नावांपुढे ‘मंजूर’ दाबून पाच मिनिटांत आढावा उरकणारा अधिकारी असेल, तर यंत्राने फक्त त्याच्या निष्काळजीपणाला तारीख आणि शिक्का पुरवला.

८. मग रकाने भरायचे कसे

रचना आधी साधी करावी लागते, नाहीतर नोंदीचे ओझे झेपत नाही. परवानगी व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावी. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये हा विचार पद्धतशीर मांडला, आणि त्याचा खरा फायदा देण्यात नसून काढण्यात आहे: बदली झाली की एका गटातून नाव काढायचे, पन्नास फोल्डर शोधत बसायचे नाही. परवानगी फाइलला न देता साइटला द्यावी. एखादी गोष्ट वेगळ्या माणसांनीच पाहायची असेल, तर तिच्यासाठी फोल्डरचा वारसा तोडण्यापेक्षा वेगळी साइट काढावी. साइट वाढल्या तरी चालतील, अपवाद वाढता कामा नयेत. यातून बारकाई जाईल हे मला मान्य आहे. काही माणसांना गरजेपेक्षा थोडे जास्त दिसेल. वाचता येणाऱ्या यादीसाठी एवढी किंमत मी आनंदाने देईन, आणि इथे माझे सूत्रवाद्यांशी सरळ मतभेद आहेत.

प्रत्येक साइटला दोन मालक हवेत, दोघेही त्या कामातले, आयटीतले नव्हेत. बाहेरच्या माणसाला दिलेल्या प्रत्येक ॲक्सेसला मुदत हवी. मुदत घालण्याची सोय जिथे आहे तिथे ती मूळ सेटिंगमध्येच लावून टाकावी. कारणासाठी वेगळे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. साइटवरच एक साधी यादी पुरते: कोणाला, कोणी, कशासाठी, कधीपर्यंत. चार रकाने, एक ओळ. लॉग सहा महिन्यांनी पुसला जाईल, ही यादी राहील.

यासाठी वेळ कोणाकडे आहे, हा शेवटचा आक्षेप. हजारो स्वतंत्र परवानग्या असलेल्या लायब्ररीचा आढावा घ्यायला खरेच कोणाकडे वेळ नसतो. तीन गट आणि वीस-पंचवीस नावे असलेल्या साइटचा आढावा चहा संपायच्या आत होतो. तो वर्षातून दोनदा, विभागप्रमुखाने स्वतः, दुसऱ्या मालकाला शेजारी बसवून घ्यावा. नावे एकेक करून मोठ्याने वाचावीत. ‘हे कोण?’ असा प्रश्न पडला आणि दोघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही, तर चौकशी लांबवू नये, नाव त्याच क्षणी काढावे. खरेच गरज असेल तर त्या माणसाचा संध्याकाळपर्यंत फोन येईल, आणि तेव्हा त्याला कारण विचारून ते चौथ्या रकान्यातल्या तारखेसह लिहून घेता येईल.